दोन बोटं माया

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या संगणकवर्गाच्या आपल्या बाई, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या. तिथे कोणी बोलायला लावत नाही. आज इथे खरं तर माझ्या पत्नीने उभं राहायचं होतं. मार्चमध्ये ती गेली. म्हणून मी.

मघाशी पाहुण्यांनी विचारलं, की कोड न लिहिता, नुसते चौकोन सरकवून वेबसाइट करायची ही जी सॉफ्टवेअरं बाई शिकवतात, त्यांचा उपयोग नक्की कुणाला? ज्याला कोड येत नाही त्याला, असं मागून कुणीतरी म्हणालं. मला ते अर्धंच पटलं.

आमची ही शिवणकाम करायची. खुर्चीतून उठता न येणाऱ्या, हात वर न होणाऱ्या माणसांचे कपडे. बाजूने उघडणारे, बसल्या बसल्या घालता येणारे. औषधांनी अशा माणसांचं अंग कधी सुजतं, कधी उतरतं. म्हणून ती प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया ठेवायची. म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, पुढे उसवून कपडा सैल करता यावा म्हणून.

आमचा मुलगा संगणकाचा इंजिनिअर. त्याने हौसेने आईला वेबसाइट करून दिली. हिने फोनवर सांगितलं होतं, माया ठेवते हे ठळक लिही. त्याने लिहिलं, ‘प्रत्येक ग्राहकाला आईची माया’. हसा, आम्हीही हसलो. पण एका गृहस्थांचा फोन आला, "माया राहू द्या हो, पँट सैल होईल का ते सांगा." मुलाला दुरुस्ती सांगितली. रविवारी करतो म्हणाला. वाईट नाही तो, पण त्याचे असे अकरा रविवार झाले. मग ही म्हणाली, "माझ्या कामाला दुभाष्या नको," आणि बाईंच्या वर्गात नाव घातलं.

पहिल्याच आठवड्यात तिने कागदाचे तुकडे कापून, टाचण्या लावून अख्खं पान बेतून आणलं. बाकीच्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो कागद पडद्याशेजारी धरला आणि म्हणाल्या, आता हेच माउसने करायचं. तीन आठवड्यांत पान उभं राहिलं. पहिलं वाक्य होतं, ‘मी दोन बोटं माया ठेवून शिवते.’ आजारपणातही उशीला टेकून ती स्वतः फोटो बदलायची. तेव्हा उपयोग कुणाला? ज्याला आपलं काम नेमकं ठाऊक आहे, पण ते सांगायला दुसऱ्याच्या रविवारची वाट बघावी लागते, त्याला.

ती गेल्यावर मुलाने हळूच विचारलं, पान बंद करू का. तिच्या हाताखाली शिकलेली तिची जाऊ आणि दोघी शेजारणी अजून शिवत होत्या. पान गेलं की त्यांच्याकडे येणार कोण? पण ‘मी शिवते’ आता खरं राहिलं नव्हतं, आणि ते पुसायला माझा हात धजेना. मुलालाही मी पुसू दिलं नाही. शेवटी बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "काका, आधी बदलायला शिका. बंद करायचं का, ते मग ठरवा."

सत्तरीत मी वर्गात बसलो. चौथ्या दिवशी ‘मी’चं ‘आम्ही’ केलं, ‘शिवते’चं ‘शिवतो’ केलं. बाकी वाक्याला हात लावला नाही. ‘प्रकाशित करा’ हे बटण माझं मी दाबलं.

मुलाचा फोन आला. "बाबा, कुणी करून दिलं?"

"मी केलं," म्हणालो. इतक्या ताठ मानेने हे दोन शब्द मी आयुष्यात उच्चारले नसतील.

बाई, आता विश्रांती घ्या. आयोजकांनी बोलावलं, आपण शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचा आभारी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही कमी-जास्त बोललो असेन, तर पोटात घाला. चहाला थांबत नाही, त्याचीही क्षमा असावी. पान वाचून एक गृहस्थ पाच वाजता मापं द्यायला येताहेत. त्यांची चाकांची खुर्ची उंबऱ्यावरून आत घ्यायला मी घरी हवा.