सिग्नेच्या नावाची रेल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्री. आयव्हर हॅल्वर्सन, लार्च क्रीकच्या महापौर श्रीमती पेट्रा लेगार्ड, व्यासपीठावर बसायला साफ नकार देऊन पहिल्या रांगेत अंगातला कोटसुद्धा न काढता बसलेल्या आमच्या सत्कारमूर्ती लुबा वोयकिन, बचाव पथकातले माझे सोबती, आणि एवढ्या बर्फातून वाट काढत आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मागच्या स्वयंपाकघरातून मला निरोप आला आहे की, बोर्श्ट, म्हणजे बीटाचं सूप, निवायच्या आत भाषण संपलं पाहिजे. लुबांच्या बहिणीने तो सकाळपासून उकळत ठेवलाय, आणि या घराण्यातल्या बायकांना नाराज करून या गावात कोणी सुखाने जगलेलं नाही. तेव्हा थोडक्यात बोलतो. अर्थात, थोडक्यात बोलतो म्हणणारा माणूस किती वेळ घेतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

लुबांबद्दल काय सांगावं? पथकाच्या स्नोमोबाइल, या बर्फावरच्या गाड्या, त्यांनी इतकी वर्षं सांभाळल्या की, माझ्याआधीचे तीन प्रमुख आले आणि गेले, गॅरेजची किल्ली मात्र त्यांच्याच कमरेला राहिली. त्यांचा आवाज असा की, इंजिन चालू असतानाही शिवी स्पष्ट ऐकू यावी. (हसू नका लुबा, खरं तेच सांगतोय.) पण आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती सांगण्याआधी मी अध्यक्षांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "सांग. नीट सांग. गुळगुळीत करू नकोस."

आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे की अध्यक्षांची मुलगी सिग्ने वरच्या खोऱ्यात हिमस्खलनात सापडली. आम्ही निघालो होतो. पण ताज्या भुसभुशीत बर्फात आमच्या जड गाड्या पोटापर्यंत रुतल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात आयव्हरनी पथकाला एक देणगी दिली. तिन्ही गाड्यांसाठी बाहेरच्या एका कारखान्यातून मागवलेल्या, ॲल्युमिनियमच्या हलक्या रेल. व्हँकुव्हरहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो: स्नोमोबाइलचा रबरी पट्टा ज्यांच्यावरून फिरतो त्या दोन लांब पट्ट्या म्हणजे रेल. गाडीच्या सस्पेंशनचा, म्हणजे सगळ्या आदळआपटीचा भार शेवटी त्यांच्यावरच येतो. गाडी हलकी झाली तर पुढच्या वेळी कुणाला तरी वेळेवर गाठता येईल, एवढाच त्या बापाचा हिशेब होता. आणि प्रत्येक रेलवर, मागच्या बाजूला, त्यांनी मुलीचं नाव कोरून घेतलं होतं.

पहिला हिवाळा छान गेला. दुसऱ्या हिवाळ्यात एक बाई स्की करताना मांडीचं हाड मोडून वरच्या खोऱ्यात पडली. ढग खाली उतरलेले, हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. तिला स्लेजवर, म्हणजे मागच्या घसरगाडीवर, बांधून मी गाडीने ओढत आणत होतो. ओढ्याजवळच्या एका साध्या उंचवट्यावरून गाडी खाली आली आणि बंदुकीसारखा आवाज झाला. उजवी रेल तुटली, पट्टा अडकला, गाडी जागच्या जागी बसली. दुसरी गाडी खालून येईपर्यंत मी त्या बाईशेजारी बर्फात बसून तिच्याशी बोलत राहिलो. मग ती कुडकुडायची थांबली. थंडीत माणूस कुडकुडायचा थांबला की काय समजायचं, ते इथल्या पोराटोरांनाही कळतं. ती वाचली. पण थोडक्यात.

तिला पोहोचवून मी मोडकी गाडी ओढत आणली, तर लुबा गॅरेजच्या दारात उभ्या. सगळं पथक जमलेलं. त्यांनी रेल पाहिली आणि मला पाहिलं.

"काय रे, सर्कशीत नोकरी लागली का तुला? मागे जखमी बाई बांधलेली, आणि तू उड्या मारतोस?"

"लुबा, उडी नव्हती. ओढ्याजवळचा उंचवटा. रोज जातो तिथून."

"रोज जातोस आणि आजच रेल मोडते? जा, घरी जा. तुझं तोंड नको दाखवूस."

मी घरी गेलो. खोटं कशाला बोलू, रडलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बैठकीत लुबा उभ्या राहिल्या. हातात तुटलेल्या रेलचा तुकडा. म्हणाल्या, "काल मी रॉसला जे बोलले, ते चूक होतं. सगळ्यांदेखत ओरडले, म्हणून माफीही सगळ्यांदेखत मागते. आता इकडे या, आणि हे बघा."

मोडलेल्या जागेचा एक कोपरा काळपट होता, बाकीचा भाग चकचकीत. "हा काळपट भाग जुना," त्या म्हणाल्या. "इथे भेग कधीच पडली होती. तिच्यात पाणी शिरलं, घाण शिरली. काल मोडला तो नुसता हा चकचकीत भाग. पोलाद डोळ्यांना दिसेल इतकं वाकून आधी सूचना देतं. ही ॲल्युमिनियमची बया गुपचूप सोसते आणि एक दिवस तोंड फिरवते."

मग त्यांनी बाकीच्या दोन गाड्या आडव्या केल्या आणि रेलच्या कडेने दोरा ताणून धरला. दोन्हींतली एकेक रेल किंचित बाहेर वाकलेली. दोन रेलना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे बोल्ट सैल झाले होते. "दोघींनी मिळून उचलायचं ओझं एकीवर पडलं, तर ती वाकणार नाही तर काय?" वजन कमी करायला कारखान्याने रेलला भोकं पाडली होती, ती अगदी मागच्या बोल्टाशेजारी, जिथे सगळा जोर येतो तिथे. त्यात आम्ही जास्त लांबीचा पट्टा लावलेला, मागे भरलेली स्लेज, सकाळी दगडासारखी गोठलेली वाट.

कुणीतरी म्हणालं, "म्हणजे कारखान्याने फसवलं."

"का? आपण हलकी मागितली, त्यांनी हलकी दिली. मऊ बर्फात एकट्याने मजेत फिरायला ती उत्तम आहे. आपण ओझं ओढणार, हे त्यांना सांगितलं कुणी?"

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि तुकडा उजेडात धरला. भेग जिथून सुरू झाली होती ती जागा भोकाच्या कडेची होती, आणि तिथेच खोल कोरलेलं शेवटचं अक्षर होतं. सिग्नेच्या नावातलं.

मंडळी, तुम्ही काय केलं असतं? मी तर म्हणालो, "लुबा, हे त्यांना सांगायची काय गरज आहे?"

"तुझी मोटार काढ," त्या म्हणाल्या.

आयव्हरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर तुकडा ठेवला आणि सगळं सांगितलं. भोकं, बोल्ट, ओझं आणि अक्षर. आयव्हरनी तुकडा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "माझ्या पोरीच्या नावावर खापर फोडायला आलीस?"

"नावावर नाही, आयव्हर. नाव कोरलं त्या जागेवर."

"बाहेर हो."

आम्ही बाहेर आलो. मी मोटार सुरू करायला लागलो, तर लुबांनी माझा हात धरला. "थांब जरा. त्याला बाहेर यायला वेळ लागेल."

आणि ते आले. बर्फात, नुसत्या मोज्यांवर. खिडकीशी वाकून विचारलं, "बाकीच्या दोन गाड्या?"

"त्यांना जुन्या रेल बसवल्या. आज कुणी अडकलं तरी निघता येईल."

"म्हणजे बदलून झालंय? मग मला कशाला सांगितलंस? त्याच आकाराच्या दुसऱ्या रेलवर नाव घालून बसवल्या असत्यास, तर मला मेल्यालाही कळलं नसतं."

लुबा म्हणाल्या, "तू अधूनमधून गॅरेजमध्ये येतोस. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्या नावावरून हात फिरवतोस. तुझ्या हाताखाली मी खोटी रेल ठेवू?"

आयव्हरनी खिडकीच्या काठावर कपाळ टेकवलं. लुबांनी त्यांच्या टोपीवर हात ठेवला. मी मात्र समोरच्या काचेतून, तिथे काही नसताना, टक लावून बघत बसलो.

पुढच्या रविवारी आयव्हर गॅरेजमध्ये आले. जन्मभर लाकडाची गिरणी चालवलेला माणूस, पण लुबा त्यांना पाना पुसायला लावत. "अरे, हे ओंडके नव्हेत, जरा हळू!" असं ओरडत. आणि ते ऐकून घेत. दोघांनी मिळून जाड ॲल्युमिनियमच्या रेल करून घेतल्या. बोल्टाजवळ भोक नाही, सगळ्या कडा घासून गोल केलेल्या. वजन थोडं वाढलं. त्याची भरपाई म्हणून आयव्हरनी आम्हाला आमची पोटं कमी करायला सांगितलं. सिग्नेचं नाव आता रंगाने लिहिलेलं आहे, गाडीच्या पुढच्या बाजूला. वाट पाहणाऱ्याला सगळ्यात आधी तेच दिसतं.

त्या गाड्या मग ओढ्यांतून, ओंडक्यांवरून, दगडांवरून गेल्या. रेल झिजल्या, ओरखडल्या. पण वर अडकलेल्या माणसाला एकदाही आमची वाट बघत ठेवलं नाही त्यांनी.

आता शेवटचं. लुबा पथक सोडून का चालल्या आहेत, याबद्दल गावात बऱ्याच वावड्या उठल्या आहेत. कुणी म्हणतं गुडघे, कुणी म्हणतं माझ्याशी भांडण झालं. भांडण रोजच होतं, ते सोडा. या शरद ऋतूत त्यांनी आयव्हरना काही जुने तुकडे आणायला सांगितले, काही भेग असलेले, काही धड. डोळ्यांवर फडकं बांधून एकेकावर बोटं फिरवली. फडकं सोडलं, किती ओळखले ते पाहिलं, आणि कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "थंडीने बोटं मेली माझी. भेग कळत नाही आता. दुसऱ्या कुणाला तरी शिकव." त्यांच्या बोटांत काय उरलंय ते विचारायला कोणी गेलं नव्हतं, मंडळी. कोणाची हिंमतही झाली नसती.

महापौरबाईंचे, पथकाचे, स्वयंपाकघरातल्या सगळ्या भगिनींचे, आणि ही गोष्ट सांगू देणाऱ्या आयव्हरचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्यात कुठे जास्त-उणं झालं असेल, लुबांच्या शिव्या मी सौम्य करून सांगितल्या असतील, तर उदार मनाने पोटात घाला.

आणि एक विनंती. बाहेर तुमच्या स्नोमोबाइल रांगेने उभ्या आहेत. अंगणात दिवे लावले आहेत. सूप प्यालात की निघण्याआधी वाकून आपापल्या रेलच्या मागच्या बोल्टाशेजारी हात फिरवा. हातमोजा काढून. लुबा तिथेच उभ्या असतील, आणि कोण न वाकता निघालं ते बघत असतील.