क्वार्टरबॅकच्या आईचा फोन

हॅलो?… हो, कोच वेडचंच घर. मी कोरिन, त्याची बायको… मिस रोझेटा? टेव्हिनची आई? बोला ना.

वेड मागे कुंपण दुरुस्त करतोय, हाक मारू?… माझ्याशीच?… बरं.

एक मिनिट हं… टेस, तोंडातलं काढ. काढ म्हणते ना… काही नाही हो, बापाची शिट्टी चघळतेय. अकरा महिन्यांची, दात येताहेत. नजर हटवायची सोय नाही.

हो, टेव्हिन कुठल्या कॉलेजकडून खेळणार त्याच्या उद्याच सह्या, माहितीय… तुम्ही कशाला माफी मागता? दहा दिवस फोन आला नाही, तेव्हाच समजले. माझंच चुकलं. तुम्ही टेव्हिनला घेऊन जेवायला आलात ना, त्याआधी वेडने बजावलं होतं मला. कॉलेजचं चॅपल दाखव, वाचनालयाचं सांग, गेल्या नोव्हेंबरचा विषय नको. आणि मी भांडी घासता घासता सगळं ओकले…

हो, तुम्ही विचारलंत, अंगणात ही भोकं कसली. घुशींची म्हणाले असते तर चाललं असतं… सात पाट्या होत्या, हो. 'घर विकणे आहे.' कोच हरला की इथे रोवून जातात लोक.

नाही, राग कसला. शेवटचा सामना, चार मिनिटं उरलेली, आणि आपला क्वार्टरबॅकच बाहेर. ज्याच्या हातून प्रत्येक डाव सुरू व्हायचा, तोच. डोक्याला मार बसला होता. पोरगा म्हणत होता, मी ठीक आहे. वेडने त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि वर बसला… हो, चक्क हेल्मेटवर. सामना संपेपर्यंत उठला नाही.

तेव्हापासून दोघं क्वार्टरबॅक येतो म्हणाले आणि दुसरीकडे गेले. यंदाही कुणी नाही आला तर आमचं इथलं संपलं. पाच वर्षांत तिसरं गाव… नाही हो, तुमच्यावर ओझं नको. ते दुसरं कॉलेज मोठं आहे, तुमच्या जागी मी असते तर…

काय?… डोक्याला मार बसला तर काय कराल, हेच विचारलंत तिथल्या कोचला?… आणि?… 'आमचा विमा उत्तम आहे'? असं म्हणाला?

…

तुमच्या भावाचं मला माहीत नव्हतं… किती वर्षं खेळला?… आणि आता तुमचं नावही आठवत नाही त्याला?… अरेरे.

हं… विचारताय तर खरं सांगते. हो, पुन्हा तसं झालं तर वेड पुन्हा तेच करील. टेव्हिन चिडेल. तुम्हीही चिडाल कदाचित. सामना जाईल… नाही, बदलायचा नाही तो. मी बदलून पाहिलाय, सात वर्षं.

दुसरं काय सांगू? आमच्या मैदानाचा एक दिवा पेटतच नाही. पण एवढं हरूनही त्या संघातला एकही मुलगा सोडून गेला नाही. लोकांनी विचारलं तर म्हणतात, आम्ही हेल्मेट काढून घेणारे. आमची ओळख म्हणाल तर तेवढीच.

…येतोय? टेव्हिन इथे येतोय?

नाही, रडत नाहीये… थोडीशी. मिस रोझेटा, तुमचे आभार… नाही, बोलू द्या मला. दहा दिवस मी या घरात मान खाली घालून वावरतेय. वेडने एका शब्दाने विचारलं नाही, तू काय बोललीस म्हणून. एकदाही नाही… हो, हो. रविवारचं जेवण आमच्याकडे. टेव्हिन नुसता शिंकला तरी कळवीन तुम्हाला.

वेडला नाही सांगत. टेव्हिनलाच सांगू दे… आत्ता लावतोय? तुमच्या शेजारी बसून?

हो, खिडकीतून दिसतोय मला वेड. फोन काढला खिशातून… नाव बघतोय… उचलत नाहीये. नुसता बघतोय हो. टेव्हिनला म्हणावं, ठेवू नकोस. नकार ऐकायची तयारी करतोय तो, वेळ लागतो त्याला… वाजू दे म्हणावं…

उचलला.

…हातोडी खाली ठेवली… आता गवतातच बसलाय… मिस रोझेटा, मी ठेवते. बाहेर जाते त्याच्याकडे.