खाटेवर कोण झोपणार?

मुलांनो, कल्पना करा, पालेंके गावाच्या चौकात भर उन्हात रांग लागली आहे, आणि तुम्हीही छोट्या येनिससारखे आजीचा झगा धरून त्या रांगेत उभे आहात. रांग सिनेमात काम मिळवायची. सगळ्यांत पुढे आहे येनिसची सिक्स्टा आजी, आणि तिच्यासमोर शहरातून आलेला निर्माता एवारिस्तो.

"आजी, तुमचं मर्तिकाचं गाणं हवंय. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या आपल्या पूर्वजांची गोष्ट मला जगाला सांगायचीय."

"मेलंय कोण?"

"कुणीच नाही. सिनेमा आहे हा."

"मग गायचं कुणासाठी? मयत नसताना ते गाणं गायलं, तर ते गावातलं माणूस घेऊन जातं."

"जुन्या समजुती आहेत या, आजी."

"तुझी पणजी इथलीच. तीही हेच सांगायची. तिचीच गोष्ट सांगतोयस ना जगाला?"

"अहो, पण या गाण्याशिवाय माझा सिनेमा उभाच राहत नाही! कुणाला तरी मयत म्हणून खाटेवर नुसतं झोपवू."

"झोपव की. रांग मोठी आहे."

"कोण झोपतंय? चेहरा जगभर दिसेल!"

सगळी रांग मागे सरकली.

"अरे, घाबरता कशाला? सगळं खोटं आहे!"

"खोटंच आहे ना? मग तूच झोप, बाळा. आम्ही मन लावून गातो."

सगळे बघत होते. एवारिस्तो हसत हसत आडवा झाला.

"हात छातीवर घे. शाब्बास. तुझ्या आईचं नाव काय रे?"

"ते कशाला?"

"गाण्यात घ्यावं लागतं."

येनिस घरी धावली. पाण्याचा पेला आणून तिने जपून त्याच्या उशाशी ठेवला.

"काका, वाटेत तहान लागते म्हणे."