स्तामेन आजोबांच्या क्लॅरिनेटचा आवाज पुसण्यास नकार दिल्याबाबत

नाव त्स्वेतान रिस्टेव्ह. वय बावीस. धंदा, घरगुती समारंभांत कीबोर्ड वाजवणे. शिक्षण, स्कोप्ये येथे विद्युत अभियांत्रिकी, दुसऱ्या वर्षापर्यंत. पुढे का सोडलं याचा या प्रकरणाशी संबंध नाही. राहणार गिरणी गल्ली, रादोविश. शेजारचं घर त्रायान काकांचं, मध्ये एक भिंत.

मी आज ठाण्यात आपल्या पायांनी आलो आहे, मला कुणी धरून आणलेलं नाही, हे आधी लिहून घ्यावे. किरिल अँगेलोव्ह याने दिलेली फिर्याद मला वाचून दाखवली. तीत दोन गोष्टी आहेत. एक, मी त्याच्या कीबोर्डमध्ये लबाडीने मुलीचं हसू घुसवून त्याचा साखरपुडा नासवला. दोन, मी त्याचा कीबोर्ड पाडला. पहिली खोटी, दुसरी खरी. विचारल्यावरून समक्ष सांगतो ते असे.

त्रायान काकांचे वडील स्तामेन आजोबा हे चाळीस वर्षं या भागात क्लॅरिनेट वाजवत होते. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्यांना पुढचे दात काढायला सांगितले. दात गेले की क्लॅरिनेट गेलं, हे वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्याआधी त्यांचा आवाज माझ्या कीबोर्डमध्ये घ्यावा असं मी म्हणालो. कीबोर्डमध्ये कंपनीचं क्लॅरिनेट असतंच, पण ते बाजारच्या लोणच्यासारखं, सगळ्या घरांत एकाच चवीचं.

त्यांच्या स्वयंपाकघरात चूल विझवून, फ्रीजची वायर काढून, आम्ही एकेक सूर घेतला. हळू वेगळा, जोरात वेगळा. आजोबा म्हणाले, "पोरा, चाळीस वर्षांत लग्नातल्या लोकांनी मला इतकं गप्प बसून ऐकलं नाही. आणि आता ऐकतोय कोण, तर तू आणि तुझा डबा." पुढचं काम माझं. कीबोर्डची पट्टी हलकी दाबली तर आधी फुंकर यावी. जोरात दाबली तर आजोबा मान झटकायचे तसा सूर वर सरकावा. त्यांचा एक सूर केसभर उतरता असे, यंत्राच्या हिशेबाने बेसूर. ती एक पट्टी मी तेवढीच उतरवून ठेवली. यात सगळा हिवाळा गेला.

एका लांब सुराच्या शेवटी आजोबांचा श्वास संपत आला, भुवया टोपीत गेल्या, आणि दारात कॉफी घेऊन उभी असलेली त्यांची नात रोसित्सा हसली. ते हसू त्या सुराच्या शेपटाला आहे. पट्टी अगदी शेवटपर्यंत दाबून धरली तरच ऐकू येतं. ठाणे अंमलदार पानेव्ह यांनी विचारले, की ते कापलं का नाहीस. यावर मला काही सांगायचं नाही.

दात काढल्यावर आजोबांना घरी ऐकता यावं म्हणून मी तो आवाज पेनड्राइव्हवर घालून रोसित्साच्या हाती दिला. तेव्हा आमच्यात बोलणं होतं. ते केव्हा बंद झालं हे विचारलेलं नाही. पेनड्राइव्ह किरिलकडे कसा गेला, तर त्रायान काकांनी दिला. काका इथेच म्हणाले, "जावई म्हणाला द्या, मी दिला. घरचंच की ते." आमच्या धंद्यात कुणी कुणाचा आवाज मागत नाही, जसा दाढीचा वस्तरा मागत नाही. काकांना ते माहीत नसेल. किरिल स्वतः वाजवतो, त्याला माहीत आहे.

रविवारी दुपारी काकांकडे रोसित्सा आणि किरिलचा साखरपुडा होता. मला बोलावणं नव्हतं. मी आमच्या अंगणात आईबरोबर मिरच्या भाजत होतो. भिंतीपलीकडून क्लॅरिनेट वाजलं. आई म्हणाली, "अगोबाई, म्हाताऱ्याला दात फुटले की काय?" मी चिमटा ठेवला आणि भिंतीवरून गेलो. आई मागून म्हणाली, "दारातून तरी जा रे गाढवा." हे ती साक्षीतही सांगेल.

खोलीत तीसेक माणसं होती. किरिल वाजवत होता. त्याच्या मामाने विचारलं, "काय आवाज आहे रे! कुठून घेतलास?" किरिल म्हणाला, "घ्यायचा कशाला? लुब्लियानात स्टुडिओत बसून मी बनवला." स्तामेन आजोबा समोरच बसले होते. मी तोवर हात खिशात ठेवले होते, याला साक्षीदार आहेत.

त्या घरात अंगठी घालण्याआधी आजोबांची संथ चाल वाजते, तेव्हा कुणी खात नाही, पीत नाही. आजोबांनी हाताने खूण केली. किरिल आजवर त्या आवाजावर नाचाचंच वाजवत आला असणार, कारण नाचात कुणी पट्टी धरून ठेवत नाही. संथ चालीत त्याने धरली. सूर संपत आला आणि रोसित्सा हसली. सगळे तिच्याकडे वळले. ती तोंड मिटून बसली होती.

किरिलच्या आईने विचारलं, "कोण हसलं?" किरिलने चाल पुढे नेली. तोच सूर पुन्हा आला. पुन्हा तसंच झालं. आता एक काका टेबलाखाली वाकून बघायला लागले. किरिल म्हणाला, "यंत्रात बिघाड आहे, आई. दमट हवेने होतं." त्यावर रोसित्सा बसल्या जागेवरून म्हणाली, "बिघाड नाही. ती मी आहे." आणि आजोबा म्हणाले, "आणि त्याआधीचा मी."

मग किरिलला मी दिसलो. तो म्हणाला, "याने केलंय हे. हा भिकार कॉलेजचोर माझ्या कीबोर्डला हात लावून गेलाय." मी म्हणालो, "स्वतः बनवलास ना? मग सांग, यातला कुठला सूर उतरता आहे?" ज्याने आवाज बनवला त्याला त्यातला प्रत्येक ओरखडा माहीत असतो. किरिल म्हणाला, "थांब, आत्ता पुसतो," आणि पुसण्याच्या बटणाकडे हात नेला. मी वायर ओढली. कीबोर्ड स्टँडवरून पडला, त्याच्या दोन पट्ट्या तुटल्या. दुरुस्ती मी देईन. माफी मागणार नाही. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा ओढीन, आणि हे वाक्य गाळू नये असं मी अंमलदारांना सांगितलं आहे.

त्यानंतर ठाण्यात तडजोड सुचवण्यात आली, की किरिलने फिर्याद मागे घ्यावी आणि मी मूळ आवाज सर्वांसमोर पुसावा. त्रायान काका म्हणाले, "माझ्या मुलीचं हसू गावभर लग्नात वाजवणार का रे तू?" त्यांचं म्हणणं मला समजतं. तो सूर मी कुणाच्याही घरी शेवटपर्यंत धरलेला नाही, एकदाही नाही. मी म्हणालो, "काका, हा आवाज तुमचा नाही, किरिलचा नाही, माझाही नाही. ज्यांचा आहे त्यांना विचारा." पानेव्ह म्हणाले, "तू मला कायदा शिकवतोस?" मी म्हणालो, "कायदा नाही, क्लॅरिनेट शिकवतोय."

त्यावरून दोघांना बोलावण्यात आले. स्तामेन आजोबा म्हणाले, "माझे दात परत देता का, साहेब? द्या, मग खुशाल पुसा." हे लिहून घेतले आहे.

रोसित्साने मला त्या सुराबद्दल विचारलं, "अजून आहे तसाच?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "आजोबांचं ठेव. माझं काढ." मी का विचारलं. ती म्हणाली, "मला हसवायचं तर समोर येऊन हसव ना. डब्यात कशाला कोंडून ठेवतोस?" पानेव्ह यांनी तिला साखरपुडा कायम आहे का असे विचारले. ती म्हणाली, "हा पोलिसांचा प्रश्न नाही." किरिल इथेच उभा होता. त्याला तिने काय सांगितलं ते बाहेर व्हरांड्यात सांगितलं, मला ऐकू आलेलं नाही.

माझा कीबोर्ड अंमलदारांच्या टेबलावर लावून मी सदर सुराचा शेवट सर्वांसमक्ष कापला. सूर आता आजोबांच्या श्वासापाशी संपतो. त्याची दुसरी प्रत मी ठेवलेली नाही. क्लॅरिनेट पुसलेलं नाही, पुसणारही नाही. पुसण्याच्या तडजोडीवर माझी सही नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. फक्त अंमलदारांनी "जबाब देणाराने स्वखुशीने हसू काढून टाकले" असे लिहिले होते. त्यातला "स्वखुशीने" हा शब्द मी खोडायला लावला आहे. बाकी बरोबर आहे म्हणून सही.

त्स्वेतान रिस्टेव्ह