आमचा नमुना पाठ

मास्तर जन्माला यावा लागतो की घडवावा लागतो, हे मला विचारू नका. माझा त्यात फार गोंधळ झालेला आहे.

छप्पन साली मध्य भारत हे राज्य मध्य प्रदेशात विलीन झालं, तेव्हा मी उज्जैनला बरीच वर्षं शिकवत होतो, पण ट्रेनिंग नव्हतं. हुकूम आला, ट्रेनिंग करा, नाहीतर नोकरी जाईल. गेलो. तिथले प्राध्यापक म्हणजे माझाच जुना विद्यार्थी, वसंत. तो आधी माझ्या पाया पडला, मग म्हणाला, "गुरुजी, बसा."

त्यानं नमुना पाठ घेतला, क्षिप्रेच्या पुराचा. ऐकता ऐकता मी चक्रावलो. रामघाटाचं उदाहरण माझं, वाहून आलेल्या म्हशीचा विनोद माझा, प्रश्न विचारून खिडकीबाहेर बघत राहणंसुद्धा माझंच.

परीक्षेत मीही तोच पाठ दिला. मुलं हसली, भराभर उत्तरं दिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वसंतचे पाठ पूर्वी पाहिले होते. ते म्हणाले, "पढ़ाया अच्छा, लेकिन यह तो वसंतजी की नकल है. मास्टर साहब, अपनी शैली बनाइए."

वसंत चटकन उठला. "साहब, नकल तो मैं इनकी करता हूँ. बचपन में इन्हीं से पढ़ा हूँ."

परीक्षक आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिले. "तो फिर नंबर किसको दूँ?"

शेवटी पास केलं मला. घरी बायकोनं विचारलं, "काय शिकलात हो ट्रेनिंगमध्ये?"

मी म्हटलं, "काय सांगू? मी शिकवतो कसा, ते पहिल्यांदा बघून आलो."