झिजलेली जागा

दाढेच्या कळेने गाल धरून बसलेल्या गवंड्याला दवाखान्याच्या बाकावर जरा डुलकी लागत होती. तेवढ्यात शेजारच्या दोघी जावा कुजबुजायला लागल्या आणि डुलकीचे तीनतेरा वाजले.

“जाऊबाई, सासूबाईंच्या ट्रंपेटवरचं लॅकर, ते वरचं चकचकीत रोगण, मी काढून टाकलं.”

“अगं, कशाला?”

“जागोजागी उडालं होतं, नायटा झाल्यासारखं दिसायचं. सोडा घालून उकळत्या पाण्यात बुडवलं, तर सगळं सोलून निघालं. पितळ अगदी लख्ख झालंय.”

“मग एवढी काळजी कशाला? सासूबाईंच्या माघारी ते वाजवतंय कोण? आणि मामंजींना कुठे दिसतंय?”

“दिसत नाही म्हणूनच तर काळजी. रोज ते मांडीवर घेऊन चाचपत बसतात ना? सासूबाईंच्या बोटांनी लॅकर जिथे झिजलं होतं, त्या कडा शोधून बरोब्बर तिथे आपली बोटं ठेवतात. आज सकाळी बोलता बोलता तेच म्हणाले. आणि मी कालच सगळं उकळून बसले! आता काय सांगू त्यांना?”

“हळू बोल, आत मामंजींना ऐकू जाईल. दुकानात देऊ, पुन्हा लॅकर चढवून घेऊ.”

“चढवून देतील हो. झिजवून कोण देणार?”

डॉक्टरांचं दार उघडलं. म्हातारा भिंत चाचपत बाहेर आला.

“चला गं पोरींनो. घरी पोचलो की आधी तिचा हात द्या माझ्या हातात.”