नेहमीच्या रस्त्यानं

अहो नाही नाही, तशी नका मारू किक, पाय जाईल — उतरा बघू आधी. या किकनं उलटा झटका दिला ना तर नडगी सुजून टम्म होते. सगळे असेच येतात, जोर दाखवायला. ही जोरानं चालू होत नाही. एकच सिलिंडर आहे हिला, आत दट्ट्या कुठं उभा आहे ते आधी समजून घ्यायचं, मग पाय उचलायचा. हा काटा दिसतोय? किक हळू दाबत न्या — हळू — काटा मधोमध आला की हा खटका ओढायचा, किक अजून जराशी खाली, खटका सोडला, पाय वर येऊ दिला, आणि मग उभं राहून सगळं वजन एकदाच. — हो बाबा, दाखवतेय! हो, आवडलीय त्यांना! — वडील आहेत. आत खुर्चीत. काचबिंदूनं नजर गेली त्यांची, पण कान असे आहेत की फाटकातून कोण आलं ते पावलांवरून सांगतात. म्हणून मी मध्येच मोठ्यानं बोलते, मध्येच हळू. मोठ्यानं बोललेलं त्यांच्यासाठी. तुम्ही आपलं हळू बोललेलं ऐका.

तर हळू सांगते — घेऊ नका. तेल गळतं. खाली ताटली ठेवलीय बघा, ती हौस म्हणून नाही ठेवलेली. इंजिनातले टॅपेट वाजतात, जुळवले की आठवडाभर गप्प बसतात, मग पुन्हा टकटक. पावसाळी हवेत ठिणगीचे पॉइंट धरतात, घासून द्यावे लागतात. आणि गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. तुम्ही हल्लीच्या गाड्या चालवणारे, समोर म्हैस आली की ब्रेक म्हणून गिअर दाबाल आणि जाऊन म्हशीला भेटाल. — हसताय? तुमच्यासारख्यांना दोष सांगून उपयोगच नसतो. मघाशी टाकीवरून हात फिरवलात ना, तेव्हाच ओळखलं मी. लग्न ठरवायला आलेल्याला मुलगी चष्मा लावते म्हणून सांगावं, तर तो म्हणतो चष्म्यात छान दिसते. चष्म्याचं मला माहीत, मी चष्म्याच्या दुकानातच आहे, शहरातल्या निम्म्या नाकांची मापं मला पाठ आहेत. आमच्याच घरातल्या डोळ्यांवर काही इलाज चालला नाही, एवढंच.

आधीही येऊन गेले दोघं-तिघं. त्यांच्या बाबतीत सोपं होतं. ते यायच्या आधी मी पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवायची. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या थेंबांवर गाडी जरा खोकायची आणि गप्प. बिचारे घामाघूम व्हायचे. मग मी मोठ्यानं म्हणायची, "काय हो, चालू होत नाही का? असं कसं? रोज तर होते!" — आणि आतून बाबा ओरडायचे, "चोक दे, चोक!" गेले बिचारे. तुमच्या वेळीही बंदच केला होता, पण तुम्ही आल्या आल्या खाली वाकून आधी कॉकच बघितलात. तिथं माझं सगळं मुसळ केरात.

का म्हणजे? — विकायची नाहीये मला. विकायचीय बाबांना. भावाला फोन करून सांगितलं त्यांनी, भावानं फोटो टाकला, तुमच्यापर्यंत पोचला. भाऊ लांब असतो. दर रविवारी फोन करतो, "ताई, तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे" म्हणतो. निश्चिंत! मला एकदा दुकानाच्या मालकानं दुसऱ्या गावची शाखा सांभाळायला बोलावलं होतं, तेव्हाही तो हेच म्हणाला — तू आहेस म्हणून. मग कशी जाणार? जाऊ दे. तुम्ही गाडी बघायला आलात.

गाडीचंच सांगते. बाबा रस्त्यांच्या खात्यात होते, मोजणीला. हा आजूबाजूचा सगळा मुलूख त्यांनी या गाडीवरून मोजलाय. नजर गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता गाडी जाणार. तर हे म्हणाले, "मी मागं बसेन, तू चालव." मी तोवर सायकलच्या पुढं काही चालवलेलं नव्हतं. शिकवली त्यांनी, मागं बसून. उजव्या खांद्यावर थाप मारली की गिअर वाढवायचा, डाव्या खांद्यावर मारली की कमी करायचा. थाप जरा जोरात बसली तर समजायचं, तुला उशीर झाला. आणि तोंडानं चालूच — "आता चढ लागेल, आता उजवीकडं वळण, पुढं मोरी आहे, सांभाळ." चुकत नाहीत हो! दिसत नाही, पण रस्ता सगळा डोक्यात. टॅपेट जुळवायलाही त्यांनीच शिकवलं, ते स्टुलावर बसणार, मी पाना धरून खाली, ते नुसते ऐकणार — "अजून. अजून जरासं. पुढं गेलीस, मागं ये." मी दुकानातून आले की हातपाय धुवायचे आणि रोज फेरी. पाहुणे असोत, अंगात कणकण असो — फेरी. "गाडी उभी राहिली की रुसते," म्हणतात. मी उभी राहिले तर रुसते की नाही, ते नाही कुणी विचारलं.

आणि फेरी कुठं, तर नेहमीच्या रस्त्यानं. जुनं स्टेशन, पाण्याची टाकी, कालव्यावरून परत. दुसरीकडं नाही. तो पलीकडं मोठा नवा रस्ता झालाय ना, नदीवरून जातो, तो त्यांच्या मोजणीनंतरचा. मी एकदा म्हटलं, बाबा, जाऊ या का तिकडनं? तर म्हणाले, "तिकडं रस्ता नाही." अहो, झालाय आता! "माझ्या डोक्यात नाही तो." म्हणजे संपलं. त्यांच्या डोक्यात नाही तो रस्ता नाहीच, आणि जो नाहीच त्यावरून मी जाणार कशी? — हो बाबा! बघतायत अजून! चाकं बघतायत!

मागच्या महिन्यात त्यांना ताप आला. म्हणाले, "मला नाही जमायचं आज, तू नुसती फिरवून आण. नेहमीच्या रस्त्यानं." मी काढली. तुम्हाला सांगते, फाटकाबाहेर पडले तेव्हा मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. गाडी हलकी लागत होती. मागं वजन नाही ना! पाण्याच्या टाकीशी खांद्यावर थाप येईल म्हणून मी वाट बघतेय, थाप येतच नाही, इंजिन आपलं ओरडतंय — आणि मग मी माझा माझा गिअर टाकला. एवढंच. तुम्हाला यात काय वाटणार? पण मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसले, एकटीच, वेड्यासारखी. आणि कालव्याकडं वळायचं तर वळलेच नाही. सरळ. नव्या रस्त्याला लागले. काय रस्ता आहे हो तो! पुढं काय येणार ते कुणी सांगत नाही. चढ आला की आला, वळण आलं की आलं. आणि ही गाडी, जिचं टकटक आयुष्यभर ऐकलं, ती तिथं अशी एका सुरात पळत होती — तिलासुद्धा कंटाळा आला असेल का हो त्या पाण्याच्या टाकीचा?

नदीपलीकडं चहाला थांबले. एक ट्रकवाला होता, गाडी बघून म्हणाला, "ताई, कुठं निघालात?" मी म्हटलं, "पुढं." त्यानं मान डोलावली. त्याला ते खरं वाटलं! बाई आहे, गाडी आहे, पुढं निघालीय — त्यात न पटण्यासारखं काय आहे? ट्रकवाल्याला पटलं, मलाच पटेना. चहा संपला, गाडीला किक मारली, आणि तोंड कुठं वळवलं सांगा? घराकडं. कुणी बांधलं होतं मला? फोनसुद्धा घरी ठेवला होता. पेट्रोल होतं. रस्ता होता. पण मनात काय आलं, तर बाबांची गोळी द्यायचीय. जन्मात एकदा निसटले, ती गोळीसाठी परत.

परतताना क्लचची केबल तुटली. तशीच आणली, बिनक्लचची, आवाजावर गिअर टाकत, उशीर झाला. तर बाबा इथं, या पायरीवर बसलेले, गुडघा खरचटलेला. मला शोधायला म्हणून ताप अंगात घेऊन बाहेर आले आणि अंगणात पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ओरडले नाहीत हो. गाडीपाशी आले, इंजिनवर हात धरला लांबून, म्हणाले, "आपल्या रस्त्यानं ही इतकी तापत नाही." मग टायरवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. "नवं डांबर," म्हणाले. बास. दुसऱ्या दिवशी केबल बसवली आम्ही दोघांनी, त्यांनी बोटांनी चाचपत, मी टॉर्च धरून — टॉर्च माझ्यासाठी. बसवून झाली, हात पुसले आणि म्हणाले, "विकून टाकू. आता मला मागं बसवत नाही." खोटं आहे ते! गुडघा केव्हाच बरा झाला. मला कळत नाही का? आणि ते वाईट नाहीत, तेच तर आहे ना. वाईट असते तर भांडले असते मी. घाबरलेत ते. अंधारात बसलेल्या माणसाला गाडीचा आवाज लांब जाताना ऐकू यायला लागला, आणि तो परत येईना — काय झालं असेल त्यांना? ते मला कळतं, म्हणून मला काही बोलता येत नाही. ते घाबरतात आणि मला ते कळतं — अशी आमची दोघांची जुळणी. कुणी टॅपेट इतके नीट जुळवणार नाही.

म्हणून म्हणते, घेऊ नका. नंतर मी कधी जाईन असं नाही. जाणार नाही बहुतेक. पण ही अंगणात उभी असली की मला वाटतं, जाता येईल. तुम्ही नेलीत की तेही — तेव्हा मोठ्यानं म्हणा, "नाही पटली." एवढंच. मी आतापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं हे, भावालासुद्धा नाही, त्या नव्या रस्त्याचं. तुम्ही अनोळखी, म्हणून —

बाबा? — अहो, तुम्ही बाहेर कशाला आलात? पायरी आहे, पायरी — कधीपासून उभे आहात दारात?

काय? … विकायची नाही?

ऐकलंत ना. विकायची नाही म्हणतायत. … नाही बाबा, मी काही नाही म्हटलं त्यांना, आम्ही आपलं गाडीचं … बरं. … बरं, ऐकलंत. … आत्ता? बूट घालूनच आलात? … नाही, मी रडत नाहीये, धूळ गेली डोळ्यांत. … हो, पेट्रोल आहे. … कुठून?

नव्या रस्त्यानं म्हणतायत. मला दाखव म्हणतायत तुझा तो रस्ता. सावकाश ने, म्हणतायत, चढ किती, वळणं किती, पूल कुठं लागतो, सगळं एकदा डोक्यात बसलं की मग रोज तिकडूनच जाऊ.

… हो बाबा. चांगला आहे रस्ता. … हो, तुम्हाला आवडेल.

तुम्ही निघा आता. फाटक ओढून घ्या जाताना.